चंदाच्या सुट्टीतला गेम

१६ ऑक्टोबर, गुरुवार
आजपासून रोजनिशी. कामाच्या माणसाला नोंद पाहिजेच.
चंदाला वाशिमच्या वसतिगृहातून रिठदला घरी आणलं. दिवाळीची सुट्टी, अठरा दिवस. पोरगी नऊ वर्षांची, जन्मापासून ऐकू येत नाही, तिथल्या शाळेत तिसरं वर्ष. निघताना तिच्या साधना मॅडमनी मला एक वही दिली. पन्नास खुणा, चित्रांसहित. म्हणाल्या, सर, तुम्ही स्वतः मास्तर आहात, रोज पाच शिका, पोरीशी बोलणं होईल. माझी बायको उज्ज्वला तिच्याशी हातानं बोलते. माझी आईसुद्धा बोलते. राहिलो मी.
संकल्प: रोज पाच. दहा दिवसांत पन्नास. मग आठ दिवस नुसत्या गप्पा.

१७ ऑक्टोबर
दोन खुणा झाल्या. पाणी आणि पप्पा. पप्पा म्हणजे मिशीला पीळ. मला मिशी नाही, पण चालतं.
बाकीच्या तीन उद्या, कारण दुपारी एक जबरदस्त आयडिया आली. वही घोकण्यापेक्षा मोबाइलवर गेमच बनवावा! वर फोटो, खाली चार खुणा, बरोबर असेल ती दाबायची. चंदा शिकेल, मी शिकेन, जिल्ह्यातली अशी सगळी लेकरं शिकतील. शिवाय तालुक्याची नवोपक्रम स्पर्धा आहे, व्हिडिओची शेवटची तारीख ५ नोव्हेंबर. एका दगडात किती पक्षी, मोजतच बसलो.
उज्ज्वला म्हणाली, गेम कायले पाह्यजे? पोरगी समोर बसून हाये, तिच्यासंगच बोला ना. तिला टेक्नॉलॉजीचं काही नाही.

१९ ऑक्टोबर
दिवसभर लॅपटॉपवर कोडिंग. यूट्यूबवाला पोरगा फार भरभर बोलतो.
चंदा तीनदा आली. एकदा आकाशकंदील दाखवायला, एकदा जेवायला बोलवायला. तिसऱ्यांदा कसलेतरी पुठ्ठ्याचे तुकडे घेऊन. तिन्ही वेळा मी बोट वर केलं, एक मिनिट. समजूतदार पोरगी, लगेच जाते. तुकडे तेवढे टेबलावर ठेवून गेली. बरं झालं, टेबलाचा पाय डगमगत होता. खाली सारले, फिट्ट बसले.
खुणा: आज नाही. उद्या आठ.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
पहिली चाचणी. उत्तर बरोबर आलं की माझ्याच आवाजात ‘शाब्बास!’ आणि वर टाळ्या. चुकलं की भोंगा. ‘शाब्बास’ रेकॉर्ड करायला पाऊण तास गेला, कारण आईच्या बकऱ्या मधे मधे ओरडत होत्या.
चंदानं दहातले आठ बरोबर दाबले. आठ वेळा शाब्बास झालं. पोरीनं एकदाही मान वर केली नाही.
निष्कर्ष: मोबाइलचा स्पीकर लहान पडतो.

२२ ऑक्टोबर
मंडपवाल्या हरीओमचा डीजेचा बॉक्स आणला. दोघांनी उचलून ओसरीत ठेवला. फुल आवाज. खिडकीची तावदानं थरथरली, बकऱ्यांनी दावं तोडलं, समोरचे रामराव काका धोतर सावरत पळत आले, काय फुटलं म्हणून. पण चंदा! तिनं दोन्ही तळहात बॉक्सवर ठेवले आणि खिदळायलाच लागली. आजीला ओढून आणलं, तिचाही हात लावून घेतला. मोबाइलकडे कोणी पाहिलं नाही, हा भाग सोडला तर प्रयोग यशस्वी.
उज्ज्वला दारात उभी. म्हणाली, अहो, ऐकू न येणाऱ्या लेकराईसाठी डीजे? तुमी कोणासाठी करून राह्यले हे?
मी म्हणालो, हे फक्त टेस्टिंग होतं.
हे खरं नाही. मी तीन दिवस विसरलो होतो. माझ्याच लेकीला ऐकू येत नाही हे मी विसरलो होतो, आणि तेही तिच्यासाठीच काम करताना. लाज वाटली. संध्याकाळी आवाज काढून टाकला. त्याऐवजी आता अक्षरं येतात: ‘अभिनंदन! आपण अचूक उत्तर दिलेले आहे.’

२४ ऑक्टोबर
चंदाला ‘अभिनंदन’ वाचता येत नाही. उज्ज्वला म्हणे, दोन हात वर करून हालवल्याचं चित्र टाका, त्याईच्या टाळ्या तशाच असतात. विचार करतो म्हणालो.
आईनं सहज विषय काढला. म्हणाली, चंदी दीड वर्षाची होती तवा म्या तिच्या मांगं थाळी वाजोली होती. पोरगी वळलीच नाही. तुले सांगतलं होतं ना बापा.
सांगितलं होतं. मीच म्हणालो होतो, आपल्या घराण्यात सगळे उशिराच बोलतात, तू उगीच काही काढू नको. पोरगी चार वर्षांची होईपर्यंत तेच म्हणत होतो, डॉक्टरकडे नेईपर्यंत.
हा विषय रोजनिशीत लिहायचा नाही असं ठरलं आहे.
गेमचा बॅकग्राउंड निळा केला. हिरवा बरा होता काय?

२७ ऑक्टोबर
सोयाबीन काढून झालं म्हणून आईला फुरसत. ती आणि चंदा अंगणात खेळतात. आई मुठीत दाणा लपवते. कधी हरभरा, कधी मूग, कधी शेंगदाणा. चंदा डोळे मिटून चाचपते आणि हातानं खूण करून सांगते काय आहे ते. चुकली तर टपली. आई चुकली तर चंदा तिचं नाक पिळते. मग दोघी हात वर करून हालवतात. मी खिडकीतून मोजलं, आईला एकतीस खुणा येतात. आई शाळेची पायरी चढलेली नाही. बऱ्याच खुणा तिच्या मनच्याच आहेत, वहीत नाहीत. अशास्त्रीय.
पण खेळ चांगला आहे. गेममध्ये ‘लेव्हल दोन’ म्हणून टाकला. ‘संकल्पना व निर्मिती: धीरज सर’. आईचं नाव टाकायला जागाच उरत नव्हती.
चंदा दोनदा आली, हाताला धरून ओढत होती. बोट दाखवलं. गेली.

३० ऑक्टोबर
आईचं नाव टाकता आलं असतं. फॉन्ट लहान केला असता तर.

२ नोव्हेंबर, रविवार
चंदाची बॅग भरली. चकल्या, नवा फ्रॉक.
हिशेब: अठरा दिवस. खुणा दोन. गप्पा शून्य. पण गेम तयार आहे! शंभर पोरांना पुरेल. पोरीसाठीच केलं ना सगळं? आणि उद्या तिच्या शाळेत डेमो. तिथं सगळ्यांसमोर तिला कळेल, बाप एवढे दिवस काय करत होता.

३ नोव्हेंबर. दुपारी ४
वर्गात अकरा पोरं. उज्ज्वला सोबत होती, तिनंच व्हिडिओ काढला. शेवटी हात हालवण्याचं चित्र टाकलं होतं, ते पाहून सगळ्यांनी हात वर केले. मी खूश.
चंदाचा नंबर आला. तिच्या आईचा फोटो, बरोबर. आजीचा, बरोबर. मग माझा फोटो. खाली चार खुणा, त्यात मिशीचा पीळ. चंदा पाहतच राहिली. काही दाबेचना. मला वाटलं ॲप हँग झालं. बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. शेवटी तिनं मान हालवली: यात नाही.
साधना मॅडमनी तिला हातानं विचारलं. चंदानं तोंड दुसरीकडे फिरवलं आणि माझ्याकडे न पाहता एक बोट वर केलं. अख्खा वर्ग खिदळला. एकानं तेच बोट वर करून माझ्याकडे दाखवलं.
मी विचारलं, नंबर वन का?
मॅडम जरा अवघडल्या. म्हणाल्या, नाही सर. इथं प्रत्येक माणसाला हाताचं नाव असतं, पोरंच ठेवतात. हिच्या आजीचं नाव नथ. आईचं वेणी. तुमचं हे. एक मिनिट. पहिल्याच आठवड्यात आम्ही तिला विचारलं होतं, घरी कोण कोण आहे, तेव्हापासून.
म्हणजे हे तिसरं वर्ष.
उज्ज्वला एस.टी.त खिडकीकडे बसली. भांडली असती तर बरं झालं असतं.

५ नोव्हेंबर
व्हिडिओची शेवटची तारीख. पाठवला नाही. नेट स्लो होतं. नेट चांगलं होतं.
टेबल सरकवलं तर खालचे पुठ्ठे निघाले. बिस्किटाच्या खोक्याचे बारा तुकडे, कात्रीनं सारखे कापलेले. एका बाजूला चित्र, दुसऱ्या बाजूला हात. चूल. बकरी. भूक. भीती वाटते. इकडे ये. एकावर मी: मिशी नाही, समोर लॅपटॉप. मागे एक बोट. उज्ज्वलाला दाखवले. म्हणाली, तुमाले शिकवाले केले होते तिनं. पप्पाले गेम आवडते म्हणे. मले वाटलं तुमी खेळले.
माझ्या गेमचं वजन चार एमबी आहे. टेबलाच्या पायाखाली तोच ठेवायला पाहिजे होता.
जेवलो नाही. मग आईनं वाढलं तेव्हा जेवलो.
संकल्प: रोज बारा. हेच बारा.

९ नोव्हेंबर, रविवार
बाराच्या बारा आल्या! चार दिवसांत! ‘इकडे ये’ जरा वाकडी होते, पण कळते.
सकाळी अकराला वसतिगृहातून व्हिडिओ कॉल. चंदा आणि तिच्या शेजारी एक मैत्रीण. उज्ज्वला, आई, सगळे झाले, मग फोन माझ्याकडे. वाटलं, आधी तिचे पुठ्ठे दाखवावे, जपून ठेवलेत हे तिला दिसावं. ते कपाटात. म्हणून मी तिला बोट दाखवलं आणि कपाटाकडे वळलो.
वळता वळता दिसलं. तिनं मैत्रिणीला कोपरानं ढोसलं आणि स्क्रीनवर माझ्या बोटाकडे दाखवलं.
पुठ्ठे सापडले तोवर तिकडे फोनसाठी दुसऱ्या पोरीचा नंबर आला होता.