पुरेबाई गेल्या कुठे?

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार (उभ्यानंच, आमच्या प्रयोगशाळेत जमिनीवर आडवं पडायला बंदी आहे). तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींची सर्दी? मी खुशाल आहे, पण कालपासून. त्याआधी महिनाभर रडकुंडीला आले होते.

माझं काम तुम्हाला ठाऊकच आहे: एफजीएफ-५ हे माणसाचं जनुक. त्याच्या सांगण्यावरून पेशी एक प्रथिन बनवते आणि बाहेर सोडते. ते केसाच्या मुळाशी पोचलं की केसाला निरोप मिळतो, आता पुरे, वाढू नकोस. म्हणून मी त्या प्रथिनाला पुरेबाई म्हणते. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी बजावलं होतं, महिनाअखेर पुरेबाई दाखव, नाहीतर हे काम बंद आणि तू दुसरीकडे बघ. मामा, या कामावर माझा जीव आहे हो! मी पेशी वाढवल्या, त्यांच्यावरचं गुलाबी पाणी (पेशींचं खाणंपिणं ते, सरबत नव्हे) रोज बदललं, पेशी खरवडल्या, फोडल्या, तपासल्या. आत पुरेबाई नावालासुद्धा नाहीत.

तशात मॅडमचे पाहुणे आले. मी हात नाचवत त्यांना सांगत होते, "पेशी मोठी उदार बरं का! बनवलेलं घरात ठेवत नाही, सगळं बाहेर या पाण्यात सोडते." आणि दुसऱ्या हातानं तेच पाणी बेसिनमध्ये ओतत होते. हात तिथंच थांबला. भाषण संपलं असं समजून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी वाजवल्या नाहीत. (महिनाभर पुरेबाई माझ्याच हातानं गटारात गेल्या; तिथल्या उंदरांचे केस वाढायचे थांबले असतील, तर ते पाप माझं.)

उरलेलं पाणी तपासलं, तर तपासणीच्या पट्टीवर पुरेबाईंची अशी ठसठशीत काळी रेघ उमटली की मी किंचाळून मॅडमना मिठीच मारली. त्यांनी ती सहन केली. नोकरी लागली तेव्हाही मला इतका आनंद झाला नव्हता.

तुमची लाडकी भाची

ता. क. आता खरी गोष्ट. पुढचं काम हवं तर पुरेबाई ज्याच्यात गप्प असतील असा माणूस लागतो. अशांच्या पापण्या म्हणे भलत्याच लांब होतात. घड्याळं दुरुस्त करताना तुमच्या पापण्या भिंगाला घासतात, हे आठवून मी छाती ठोकून सांगितलं, असा माणूस माझा सख्खा मामा आहे! तुम्हाला न विचारताच. पुढच्या आठवड्यात या ना, मला तोंडघशी पाडू नका. आणि तोवर पापण्यांना कात्री लावू नका.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात मामींचा फोन आला. तुम्ही कालच पापण्या साफ कापल्यात! मी रडतच मॅडमकडे गेले. त्या पोट धरून हसल्या. कात्री जनुकापर्यंत पोचत नाही म्हणे, तेच जनुक थुंकीतही सापडतं, ती मिळाली तरी भागेल. तेव्हा मामा, निर्धास्त या आणि आमच्या नळीत थुंका. तुम्ही थुंकल्यावर कुणी आभार मानतंय, असं आयुष्यात पहिल्यांदाच होईल.