पाहुण्याला दाखवलेलं पाणी

११ डिसेंबर १९६१, दिग्रस
बॉयलर आज पुन्हा उशिरा तापला. लाकूड जास्त, वाफ कमी. आतल्या नळीवर चुन्याची पापडी चढली आहे हे कळायला पदवी लागत नाही. मला ती आहे, आणि या जिनिंगमध्ये तिचा उपयोग शेठच्या पाहुण्यांना सांगण्यापुरता. शेठला म्हणालो, आठ दिवस बंद ठेवू, पापडी खरवडू, पुढे पाण्यात सोडा वाढवू.
"फाटकावर बंड्या उभ्या हायेत कापसाच्या, अन् तुम्ही खरवडाच्या गोष्टी करून राह्यले. ते विलायती साहेब येऊन राह्यले ना, त्याईले पाहू द्या."
विलायती म्हणजे आइसलंडचा. कारखान्यांच्या पाण्याचा तज्ज्ञ, सरकारने जिल्ह्यात फिरवायला आणलेला. बर्फातल्या बेटावरचा माणूस आमच्या विहिरीला शहाणपण शिकवणार.

१४ डिसें.
आला. आम्ही सगळे मफलर गुंडाळून उभे, तो अर्ध्या बाह्यांत. शेठने हार घातला, पेढे, भाषण. बॉयलर चालू असल्याने आत पाहता आलं नाही. बंद ठेवायला शेठने आधीच नकार दिला होता.
अंगणातला काळा दगड उचलून फिरवत राहिला. म्हणाला, असाच आमच्याकडे, ज्वालामुखीचा. त्यांच्याकडे वाफ जमिनीतूनच वर येते. पण त्या पाण्यात गारगोटी विरघळलेली असते, पाणी निवलं की नळात काचेसारखी बसते. म्हणून आधी तळ्यात निववायचं, बसायचं ते तिथे बसू द्यायचं, मग कारखान्यात घ्यायचं.
फुकटची वाफ मिळणाऱ्याने आम्हाला वाफ शिकवावी. पण मी ऐकत राहिलो. एवढं इंग्रजी बोलून किती वर्षं झाली. जिनच्या विहिरीच्या पाण्याची बाटली भरायला शेठच्या दिवाणजींना पाठवलं. नागपूरच्या प्रयोगशाळेत जाईल.

१५ डिसें.
काल त्याला मनात तुच्छ लेखलं, ते कशावरून? तो मोजकं, सरळ बोलला. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणाला. असं मला इथे कोणापुढे म्हणता येईल? शेठकडे पाहून जो राग येतो तो त्याच्यावर निघाला.

२८ डिसें.
रिपोर्ट आला. पाणी उत्तम, मऊ, बॉयलरला योग्य. सोड्याची गरज नाही.
शेठने तो गादीवर बसून तीनदा वाचून घेतला, माझ्याकडूनच. मग म्हणाला, "आता सोडा बंद. साहेब, तुम्हीबी कधी कधी उगाच घाबरवता."
दिवाणजी हसले. हे दिवाणजी शेठच्या शिंकेलाही मान डोलावतात.
घरी येऊन जिनच्या विहिरीच्या पाण्यात साबण हलवला. फेस नाही, नुसता दह्यासारखा चोथा. पुन्हा केलं. तेच. मग कोण चुकतंय? नागपूर की मी? पाण्याच्या प्रयोगशाळेपुढे माझी साबणाची वडी! रात्रभर स्वतःवरच संशय.

३० डिसें.
उलगडा झाला. बायको गोड्या विहिरीवरून आली. इथल्या खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, म्हणून डाळीपुरतं पाणी सगळ्या बायका तिथून आणतात. तिथे दिवाणजींची बायको सांगत होती, "आमच्या घरचं पानी मोटारीत बसून नागपूरले गेलं, अन् मी अजून यवतमाळ नाही पाह्यलं."
बायकोला हसू आवरेना. मला कळलं, बाटलीत जिनच्या विहिरीचं पाणी नव्हतंच.

३१ डिसें.
दिवाणजींना विचारलं. लाजले नाहीत.
"आता साहेब, एवढ्या दुरून पाहुना आला. त्याच्या हातात खारं पानी कसं देनार? घरून डाळीचं आनलं. काहून, खराब निघालं का?"
"तो ते प्यायला मागत नव्हता, दिवाणजी."
"मंग कायले मांगे?"
लबाडी असती तर बरं होतं, निदान भांडता आलं असतं. आणि मी? चार पावलांवर विहीर, पण साहेबाशी बोलण्याची गोडी सोडून मला जाववलं नाही. दिवाणजींनी पाहुण्याला पाणी दाखवलं, मी माझं इंग्रजी दाखवलं.
शेठला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "चूक झाली असंन. पन कागद तं सरकारी हाय ना?"

२ जाने. १९६२
आइसलंडच्या साहेबाला पत्र टाकलं, खऱ्या पाण्याची बाटलीही पाठवली. आपल्या माणसांचं हसं होईल म्हणून पहिलं पत्र गुळमुळीत लिहिलं होतं. फाडलं. लाज कसली राखतोय मी, आणि कोणाची?
दुपारी रहीमने बोलावलं. बॉयलर पेटवणारा तोच. दिवसभर भट्टीच्या दारापुढे उभा असतो. जाळाच्या वरचा पत्रा खाली झुकल्यासारखा दिसतो म्हणाला. मी वाकून पाहिलं. झुकला आहे. पापडीमुळे पाणी पत्र्याला लागत नाही, पत्रा लाल होऊन नरम पडतो. फाटला तर समोर रहीम.

४ जाने.
काल संध्याकाळी आग विझवायला लावली. आज निवल्यावर पाणी सोडून दिलं, वरचं झाकण उघडलं. शेठला न विचारता. आत बोटभर जाड पापडी.
शेठ आला. पांढरंशुभ्र धोतर सांभाळत, झाकणापासून लांब. कंदील पुढे केला, म्हटलं एकदा आत पाहा.
"मी कायले पाहू? तुम्ही पाह्यलं ना."
"मग ऐका तरी."
"ऐकलं. राजीनामा लिहून द्या. पुसदवरून माणूस बोलावला हाय, उद्या तो भरून पेटवंन."
पुसदचा माणूस रिपोर्ट वाचेल. वाचता येत असेल तर. आत डोकावेल असं मला वाटत नाही. त्यालाही बोलावलंय ते न डोकावण्यासाठीच. राजीनामा लिहिला नाही. म्हणालो, काढून टाका.
रहीम फाटकापर्यंत आला.
"साहेब, त्यो फकत हुकूम देईन. काडी मलेच लावा लागते."
"लावू नकोस."
"तुम्ही उभे राहसान तं नाही लावत. एकटा नाही म्हनलो तं मले हाकलतीन. पाच पोरं हायेत घरी." मग, "सकाळी असान का?"
असेन, म्हणालो.
चौकीदाराला शेठने काय सांगून ठेवलंय, ते उद्या फाटकावर कळेल. पहाटे निघायचं.