पांढरं हेल्मेट आणि अण्णांचा भत्ता

३ फेब्रुवारी

ती. अण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार वर घातला आहे तो नीट ठेवून घ्या, कारण इथून खाली सगळं भांडणच आहे. मागच्या पत्रात मी दोनदा लिहिलं होतं की म्हातारपणाच्या भत्त्याचा तो तपासणीवाला आला तर त्याला दारातूनच लावून द्या, विचारेल तेवढंच सांगा. तुम्ही काय केलंत? खुर्ची दिलीत, चहा पाजलात, आणि भिंतीवरचा माझा फोटो उतरवून त्याच्या मांडीवर ठेवलात! ताईने सगळं कळवलंय. तुम्ही म्हणे त्याला शिकवलंत की बांधकामावर पिवळं हेल्मेट मजुराचं आणि पांढरं मुकादमाचं, आता आमच्या पोराच्या डोक्यावर कोणतं आहे ते तुम्हीच बघा. त्याने बघितलं. बघून कागदावर लिहिलं, मुलगा मुकादम, पगार पंचवीस हजार. पोरगा वीस हजारांच्या वर कमावतो तर बापाला भत्ता नाही, असा यांचा नवा नियम. चहा पिऊन अठराशे घेऊन गेला लेकाचा.

आता मला एक सांगा. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर तुम्ही वाकलात का मी? दोऱ्याच्या प्रत्येक रिळावर कर भरला, दुकानाच्या पाटीवर कर भरला, यंत्राला तेल घातलं त्या तेलावरही भरला. तेव्हा कोणी विचारायला आलं होतं का, की शिंपीदादा, तुमचा पोरगा अजून रांगतोय, तर तुम्हाला कर माफ? तेव्हा नाही आलं. आता मी कमवायला लागलो तर बरोबर वास लागला.

आणि वखारवाला? दोन चाळी जावयाच्या नावावर, लाकडाचं दुकान बायकोच्या नावावर, आणि हा कागदावर निराधार. त्याचा भत्ता चालू! तुम्ही खरं सांगायला गेलात म्हणून बंद. मी चौथीतून पळालेला माणूस, पण एवढं मलाही कळतं की ही तपासणी पैशाची नाही, तोंड बंद ठेवता येतं का नाही याची आहे.

डोळ्यांचं कसं आहे ते लिहा. काचबिंदूच्या थेंबांत चालढकल करू नका. माझं उत्तम चाललंय, परांची आता अकराव्या मजल्याला पोचली. वरून माणसं बटणाएवढी दिसतात.

राग सगळा कचेरीवर, तुमच्यावर त्यातला चौथा हिस्सा. लोभ मात्र तुमच्याकडून पुरता पाहिजे.

तुमचा,
भिंगरी


१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझे पत्र पोचले. अक्षरावरून दिसते की हेही उभ्यानेच लिहिलेस. जरा बूड टेकून लिहीत जा, म्हणजे वाचणाऱ्याला धावावे लागणार नाही.

तू चिडलास ते समजले. पण मी चिडलेलो नाही. भत्ता सगळ्यांना सारखा, हे मला पहिल्यापासून पटले नव्हते. एकाच मापाचा सदरा शिवून सगळ्या गल्लीला वाटला तर काय होईल? जाड्याला शिरणार नाही आणि बारक्याच्या अंगावर लोंबेल. समोरच्या इस्त्रीवालीला मागेपुढे कोणी नाही. तिला अठराशे, आणि वखारवाल्यालाही अठराशे. तो त्यातून कुत्र्याची बिस्किटे आणतो, हे त्यानेच मला कोटाचे माप देताना हसत हसत सांगितले. त्या दिवशी मी त्याच्या बगलेत टाचणी जरा जास्तच टोचली. नियम बदलला तशी इस्त्रीवालीची रक्कम वाढली, तिला आता चोवीसशे येतात. माझे गेले ते तिच्याकडे गेले असे मी धरून चालतो. वखारवाला सुटला हे खरे, पण त्याने लबाडी केली म्हणून नियम वाईट होत नाही. कापड चोरणारा शिंपी असतो म्हणून माणसांनी उघडे हिंडायचे का?

ताईने अपिलाचा हट्ट धरला आहे. त्याला तुझ्या कंपनीचा पगाराचा दाखला लागतो आणि तीस मार्चच्या आत द्यावा लागतो. तू त्या भानगडीत पडू नकोस. मी तिला नाही म्हणून सांगितले आहे. तुझे पाच हजार वेळेवर येतात, तेवढ्यात घरभाडे आणि दोघांचे पोट भागते.

डोळे बरे आहेत. सुईत दोरा ताई ओवते, ती तिची हौस. तू वर चढताना खाली बघत जाऊ नकोस. आईने तुला भिंगरी नाव ठेवले ते जमिनीवर फिरायच्या हिशेबाने.

जेवणाची हेळसांड करू नये. आहे तशीच माया आहे, त्यात तपासणी नाही.

तुझा,
अण्णा


२३ फेब्रुवारी

ती. अण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

बसून लिहितोय. सिमेंटच्या पोत्यावर, पण बसूनच.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डोकं तापलं. इस्त्रीवालीला जास्त मिळालं, आनंद आहे. तिला तीन हजार द्या, मी कुठे अडवतोय? माप घ्यायचं म्हणता, तर घ्या की. पण या लोकांनी माप कोणाचं घेतलं? कोट तुमच्या अंगाचा आणि माप माझ्या फोटोचं! तुमच्या दुकानात कोणी असं केलं असतं तर तुम्ही टेप त्याच्या गळ्यात घालून बाहेर काढला असता. तुमचं उत्पन्न किती ते कोणी विचारलं का? दुकान बंद होऊन सहा वर्षं झाली, ते कोणी लिहिलं का? मी जन्माला आलो हेच तुमचं उत्पन्न धरलंय.

इथे माझ्या शेजारी झोपतो तो गवंडी. चार वर्षांत त्याने बापाला फुटकी कवडी पाठवलेली नाही, सगळा पगार पत्त्यांत घालवतो. त्याचाही पगार बापाच्या नावावर मांडून बापाचा भत्ता तोडला. म्हातारा तिकडे दुसऱ्याच्या ओट्यावर बसतो म्हणे. आणि काठावरचं तर विचारूच नका. वीस हजारांना एक कमी असेल तर पुरा भत्ता, एक जास्त असेल तर शून्य. तुम्ही उसवलं तरी शिवण बघून टाका टाका उसवता. हे अख्खी बाहीच फाडून हातात देतात.

माणूस म्हातारा झाला, त्याला त्याचं द्या, संपलं. श्रीमंताकडून जास्त कर घ्या आणि तिकडे काय वसूल करायचं ते करा. म्हाताऱ्याच्या घरात शिरून भिंतीवरचे फोटो कशाला बघता?

दाखल्याचं म्हणाल तर इथल्या कचेरीत सहीला महिना जातो. शिवाय मुकादमाने पगाराचा दाखला मागत फिरणं बरं दिसत नाही. तुम्ही नको म्हणालात तेच ठीक.

ताईला म्हणावं दोरा ओव, पण टोमणे मारू नको. पत्राची वाट बघतो, आणि तुमच्या दोन शिव्यांचीही.

तुमचा,
भिंगरी


४ मार्च

चि. भिंगरी,
आशीर्वाद.

अण्णा झोपलेत तोवर हे लिहून टाकते. त्यांना सांगायचं नाही. निदान मी लिहिलं असं तरी नाही.

तुझी मोठाली भाषणं अण्णा मला मोठ्याने वाचायला लावतात, कारण त्यांना आता तुझं अक्षर दिसत नाही. थेंब दिवसातून दोनदा घालायचे असतात. भत्ता बंद झाल्यापासून ते एकदाच घालतात आणि मला सांगतात की घातले दोनदा. मी बाटलीवर पेनने रेघ मारून ठेवली म्हणून कळलं. एक बाटली अकराशेची आहे, भत्ता होता तेव्हा त्यातून यायची. मी शेजारणींची काजं-बटणं करते त्यात ती बसत नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि माझ्यावरच ओरडल्या. म्हणाल्या की काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, आणि डाव्या डोळ्याची बरीच गेली.

आता दुसरं. हे सांगणार नव्हते. तीन वर्षांपूर्वी तुझा तो फोटो आला तेव्हा अण्णांनी तो खिडकीशी नेऊन बराच वेळ बघितला. मग म्हणाले की हेल्मेट याचं नाही. पट्टा हनुवटीखाली दोन बोटं सैल आहे आणि कड कानांवर टेकलीय, ज्याचं आहे त्याचं डोकं मोठं आहे. दुसऱ्याचा कोट घालून आरशापुढे उभी राहिलेली माणसं म्हणे त्यांनी जन्मभर पाहिली, ती अशीच मान ताठ धरतात. आणि मला बजावलं की त्याला हे कधी कळू द्यायचं नाही. लगेच खिळा ठोकून फोटो लावला.

तपासणीवाल्याने फोटो मागितला नव्हता, अण्णांनीच दिला. तो जाताना त्याने विचारलं की खरंच मुकादम आहे का, नसेल तर आत्ताच सांगा, खोडून टाकतो. मी त्यांच्या पाठीशी उभी राहून देवाचा धावा करत होते. अण्णा हो म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा सरकारशी खोटं बोलले, तेही स्वतःच्या तोट्याचं. नंतर मी भांडले तर म्हणाले की तो माणूस याच गल्लीत दहा घरं फिरणार आहे. पोरगा उद्या परत आला तर गल्लीतून कसा चालेल?

आता भाषण पुरे. दाखला पाठव. तीस तारीख जवळ आली.

तुझ्यावर चिडलेली आणि तरीही तुझीच,
ताई


१३ मार्च

ती. अण्णांना,
शि. सा. न. वि. वि.

या वेळचा नमस्कार जास्त वाकून आहे.

सोबत दाखला आहे. ताईला वाचायला सांगा, आणि तिथे मदतनीस असं लिहिलंय ते तिने गाळून वाचू नये. पगार नऊ हजार सहाशे. मुकादम मी नाही, कधी नव्हतो. ते हेल्मेट आमच्या मुकादमाचं होतं. तो जेवायला बसला होता तेव्हा बाजूला काढून ठेवलेलं, मी उचलून घातलं आणि गवंड्याने फोटो काढला. घालताना वाटलं होतं की बरोबर बसलंय. पंचवीस हजारही मीच लिहिले होते. घर सोडताना मी ओरडून गेलो होतो की शिंप्याच्या ओट्यावर मला कुजायचं नाही, काहीतरी होऊन दाखवीन. परांचीचे बांबू वाहतो असं मग कोणत्या तोंडाने लिहू?

महिनाभर मी तुम्हाला पानंच्या पानं शिव्या घातल्या की फोटो का दाखवलात. आणि तुम्ही मला नियम कसा चांगला आहे ते समजावत बसलात. अण्णा, तुम्ही थेंब वाचवले. माझी अब्रू झाकायला तुम्ही डोळा दिलात. याचं काय करू ते मला सुचत नाही, म्हणून जे सुचतं ते करतो, पुन्हा रागावतो.

दाखला आणायला गेलो तर कारकुनाने कशाला पाहिजे म्हणून विचारलं. मी म्हटलं की वडिलांच्या भत्त्यासाठी. त्याने सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं की मग कमी लिहू का अजून? त्याला रोज असे येतात. रांगेतली निम्मी माणसं त्याच कामाला उभी होती, आपण किती कमी कमावतो याचा शिक्का घ्यायला. माझ्या पुढचा तर कारकुनाला विनवत होता की गेल्या महिन्याचा जादा पाळीचा पैसा धरू नका, आईचा भत्ता जाईल. अण्णा, हे माप घेणं नव्हे. मापाला माणूस ताठ उभा राहतो. इथे प्रत्येक जण अंग चोरून उभा होता. तुमच्या इस्त्रीवालीला चोवीसशे मिळाले ते मला मान्य आहे, त्यावर तुमच्याशी भांडणार नाही. पण तुमचा भत्ता तुम्ही शिवलेल्या कपड्यांचा आहे. तो मिळायला तुमचा पोरगा गरीब आहे हे शिक्क्यानिशी सिद्ध करावं लागतं, याचा राग अपील जिंकलं तरी माझ्या डोक्यातून जाणार नाही.

तीस तारखेची वाट बघू नका, पोचताच अर्ज द्या. तपासणीवाला परत आला तर त्याला नवा फोटो दाखवा, तोही पाठवतोय. हेल्मेट पिवळं आहे. पट्टा मी ओढून बघितला, बोटसुद्धा आत जात नाही. तुम्हाला आता दिसणार नाही नीट, म्हणून लिहितोय. जुना काढून त्याच खिळ्याला हा लावा. गल्लीला काय म्हणायचं ते म्हणू दे, तिथून चालायचं मला आहे.

थेंब दिवसातून दोनदा. ताई, बाटलीवर रेघा मारत राहा. आणि अण्णा, तिला बोलू नका, तिने मला काहीही कळवलेलं नाही.

लोभ आहे हे आता फारच कळलं. तो कमी करा असं म्हणवत नाही, पण यापुढे डोळ्यांवर भागवू नका.

तुमचा,
भिंगरी

ता. क. दाखल्यासाठी एक दिवस खाडा पडला. एका दिवसाचे तीनशे वीस. आजवर खाडा पडला की मी कोणाकडून तरी उसने घेऊन पाच हजार पुरे करायचो, कारण मुकादमाचा खाडा कापत नाहीत हे तुम्हाला ठाऊक असेल अशी मला भीती वाटायची. या महिन्यात उसने घेतलेले नाहीत. चार हजार सहाशे ऐंशी पाठवतोय.