भिंतीवरचा फोटो

मुलुंड, १८ नोव्हेंबर २०२४

ति. आईस नमस्कार.

आज सकाळी बँकेत गेले, दुपारी ह्यांची फाइल आणायला दवाखान्यात, चारला घरी. मी वेळेवर जेवते. तुझा गुडघा कसा आहे?

ह्यांच्या कमरेच्या हाडातली मज्जा काढून तिच्यातल्या पेशी यकृतात सोडल्या, तोच दवाखाना. नवं यकृत तयार होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. या उपचारावर अजून अभ्यास चालू आहे, खात्री कुणालाच नाही, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. हे जाऊन महिना झाला, तरी ह्यांचा हसरा फोटो तिथे भिंतीवर. खाली चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं, ‘यकृत पुन्हा उभं राहिलं.’

“हे वारले,” मी काउंटरवरच्या मुलीला म्हणाले.

“माहितीये मॅडम. पण फोटो बघून पेशंटना धीर येतो ना.”

एक बाई नवऱ्याचे रिपोर्ट मांडीवर घेऊन त्या फोटोकडेच बघत बसली होती. मी खुर्चीवर चढून फोटो उतरवला आणि ह्यांचं काय झालं ते तिला सगळ्यांसमोर सांगितलं. मला इतकं मोठ्याने बोलता येतं, हे मलाच ठाऊक नव्हतं.

दादाला सांग, घरात लावायला हवा होता तो ह्यांचा फोटो मिळाला, घेऊन आले.

खालची पट्टी घट्ट चिकटली आहे. आता साबणाचं पाणी लावून नखाने ती काढत बसते.

तुझी,
रेवती