सावली कापलेला फोटो

पप्पा, आज क्लासमध्ये एका मुलीचा फोटो तपासायला घेतला. मी रविवारी विरारला फोटोग्राफी शिकवते, हे तुम्हाला ठाऊक नाही. चंदनसारच्या नाक्यावर वडे तळणारी एक बाई, तिच्या नकळत टिपलेली. मागचा रस्ता उन्हाने पांढराफटक आणि खाली फोटो काढणारीची स्वतःचीच सावली. मी लाल पेन उचललं. "कोण आहेत या?" विचारलं. "मम्मी आहे, मॅडम." पेन खाली ठेवलं. असाच एक फोटो मी पूर्वी नापास केला होता.

आगाशीच्या बाजारात आई वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी विकायला बसलीय. तिच्या डोक्यावर ताडपत्री, समोर रखरखीत ऊन. गिऱ्हाइकांना "मान वर, हलू नका" सांगण्यात जन्म काढलेले तुम्ही, त्या दिवशी काही न सांगता कॅमेरा उचलता. तिचं लक्ष जातं आणि तोंडाला पदर लावायच्या आत ती हसते. तो फोटो तुम्ही स्टुडिओत दर्शनी लावलात. मी नुकती कोर्स करून आले होते, शहाणपण नुसतं उतू जात होतं. गिऱ्हाइकांसमोरच म्हणाले, "पप्पा, अर्धा फोटो उन्हाने जळून पांढरा झालाय. आणि स्वतःची सावली फ्रेममध्ये? नवशिकेसुद्धा असं करत नाहीत." तुम्ही हळूच म्हणालात, "उन्हाचं माप धरलं असतं तर तिचं तोंड काळं आलं असतं, बाय." संध्याकाळी भिंतीवर नुसता खिळा होता. मला तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं, याची आज लाज वाटते.

मग आई गेली. नंदाखालला तिच्या कबरीवर फोटो बसवायचा होता. तुम्ही कपाटातून तोच काढलात. खालची पट्टी ब्लेडने सरळ कापलेली होती. "आता सावली नाही त्यात," माझ्याकडे न बघता म्हणालात. मी तरी म्हणाले, "एक्स्पोजर चुकलेलंच आहे," आणि तिचा पासपोर्टचा फोटो पुढे केला. त्यात उजेड अगदी सारखा आहे, फक्त आई नाही. तुम्ही वाद घातला नाहीत. घालायला हवा होता, पप्पा.

आता तुमच्या कबरीवरची चौकट दोन वर्षं रिकामी आहे. गावभराचे फोटो काढलेत, पण आधारकार्डावरचा सोडला तर तुमचा एक धड सापडत नाही. नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी कबरीवर मेणबत्ती लावताना काकी विचारते, "अगं, बापाचा फोटो कधी लावणार?" मी सांगते, कबरीवर फोटो बसवणारा फरशीवाला चालढकल करतोय.

फरशीवाल्याचा काही दोष नाही. मला तुमच्या कबरीवर तो पुरा फोटो हवाय, आई हसतेय आणि तुमची सावली तिच्या टोपलीपर्यंत गेलीय, तो. हे कागद कुठे पोचायचे नाहीत, म्हणून इथे सांगते. न कापलेला तो फक्त निगेटिव्हवरच उरला असणार, आणि स्टुडिओ रिकामा करताना निगेटिव्हची खोकी मीच भंगारवाल्याला दिली. एकही उघडून बघितलं नाही.