भिजत घातलेला शर्ट

बुधवार, दुपार

चि. धाकटीस,

दार लावलंस तेव्हा माझी एक चप्पल आत राहिली. ती परत पाठवू नकोस, जुनीच होती. मी एका पायात चप्पल घालून जिन्यात उभी होते. वरच्या मजल्यावरच्या बाई उतरत होत्या. त्यांनी विचारलं, "काय हो, बहीण घरात नाही का?" मी म्हटलं, "नाही, बाहेर गेलेत सगळे." आत तुझा मिक्सर चालू होता. तेवढी तुझी अब्रू मी राखली.

तुम्ही सगळे मजेत असाल. आम्ही ठीक. यांचं कोपर अजून दुखतं, पण इस्त्री थांबलेली नाही. लाँड्री उघडी आहे. गिऱ्हाइकं येतात, पूर्वीपेक्षा जास्तच येतात. एकच रुमाल घेऊन येतात आणि काउंटरवरून आत डोकावतात.

फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहिते. तुझ्या यजमानांचे कामाचे शर्ट मात्र दर आठवड्याला येतात. बहिणीशी बोलणं बंद, इस्त्री चालू. हे पत्र आज संध्याकाळी पोचणाऱ्या शर्टांपैकी एकाच्या घडीत घालणार आहे. वरच्या नाही, खालच्या. वरचा ते स्वतः ओढून घेतात. बाकीचे तू कपाटात लावतेस.

उद्या सकाळी आमच्या दादूची तारीख आहे. तुला माहीत आहे. तरी पुन्हा लिहिते, म्हणजे माहीत नव्हतं असं नंतर नको. मुलांच्या कोर्टात दोन गोष्टींचा विचार व्हायचाय. खटला संपेपर्यंत तो घरी राहणार की सुधारगृहात. आणि सोळा पूर्ण झालेत म्हणून त्याच्यावर मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा का. वकीलबाई म्हणाल्या, "दुसऱ्या मुद्द्यावर हरलो तर पुढचा मार्ग फार वेगळा आहे." यांनी समजल्यासारखी मान डोलावली. रस्त्यावर आल्यावर मला विचारलं, "म्हणजे तुरुंग ना?"

गोदामवाल्यांच्या मुलाचा डोळा गेला. उजवा. हे मी टाळून पुढे जाणार नाही. त्याची आई आमच्याकडे पडदे टाकायची. बोलायला चांगली. मी दवाखान्यात गेले होते. ती बाकावर बसली होती. तिने मला बसायला जागा केली, सवयीने, आणि मग तिच्या लक्षात आलं. म्हणाली, "तुमच्या मुलाला दिसतं ना दोन्ही डोळ्यांनी?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्याच्या डोळ्यावर कुलूप दादूनेच मारलं. सायकलचं, साखळीचं. हेही टाळत नाही. शाळा हेच सांगते, त्या मुलाचे दोघे मित्र हेच सांगतात, आणि ते खरं आहे. त्याच्या आधीचं कुणी सांगत नाही. ते सांगू शकेल असा एकच आहे, तुझा भोंगा.

हे नाव त्याला मीच दिलं. तान्हा असताना रडायला लागला की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. तो भोंगा मारामारीच्या दुसऱ्या दिवशी दुकानात आला होता, तुला न सांगता. काउंटरखाली मळक्या गाठोड्यांमध्ये बसला आणि हळू आवाजात बोलला. त्याला हळू बोलता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

"मावशी, ते दादूची इस्त्री करायचे."

"म्हणजे?"

"पालथा पाडायचे. दोघं हात धरायचे. आणि तो पाठीवरून चालायचा, बूट घालून. मानेपासून खाली. म्हणायचा, कडक झाली का बघा रे. मग दादू उठला की म्हणायचे, आता घडी घाल."

"किती वेळा?"

"मला दिसलं तेवढंच सांगू का?"

"आणि तू काय करत होतास?"

"माझ्याकडे दप्तरं द्यायचे. सगळ्यांची." मग तो एका गाठोड्याची गाठ सोडू लागला. "त्या दिवशी त्याचा एक हात सुटला. शेजारच्या सायकल स्टँडला कुणाचं तरी कुलूप लटकत होतं. मागे न बघताच मारलं त्याने, मावशी. पालथा होता ना."

वकीलबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हे त्या मुलाने सांगायला हवं. तुम्ही सांगून उपयोग नाही. तुम्ही आई आहात."

म्हणून मी तुझ्या दारात आले. तू म्हणालीस, "तुझ्या पोराला सोडवायला माझ्या पोराला उभं करू?" म्हणालीस, "गोदाम त्यांचं आहे, ताई. यांना आत्ता कुठे सुपरवायझर केलंय. उद्या हाकललं तर तू घालशील का जेवायला?" घालीन म्हणायला हवं होतं. मी तोंड उघडलं तेवढ्यात तू म्हणालीस, "आणि शर्ट कुठे गेला गं? पाठीवर बूट नाचले म्हणतेस, मग शर्ट दाखव की. आं? दाखव." मी उंबऱ्यातला पाय मागे घेतला. ते तुला दिसलं आणि तू दार लावलंस.

तर शर्टाचं लिहिते.

त्या दिवशी दादू मागच्या दाराने आला. अंगात बनियन, शर्ट दप्तरात कोंबलेला. मी तो ओढून घेतला. छातीवर रक्त, बाहीवर रक्त. रक्त वाळायच्या आत थंड पाण्यात गेलं पाहिजे, गरम लागलं की कायमचं बसतं. मी बादली भरली. संध्याकाळी पोलीस आले तेव्हा शर्टाला इस्त्री होऊन तो खुंटीला लागला होता. तुटलेलं बटणही मी लावलं होतं. साहेबांनी तो उजेडात धरला, उलटा करून पाहिला, वास घेतला. म्हणाले, "बाई, काम चोख आहे तुमचं." मग लिहून घेतलं की घरच्यांनी पुरावा नष्ट केला.

मी सगळ्यांना सांगितलं की सवयीने झालं. पोलिसांना, वकीलबाईंना, यांनाही. धंदाच हा, हात आपोआप चालतो. सगळ्यांना पटलं. तुलाही तेच सांगणार होते.

सवयीने झालं नाही.

आमची सवय तुला माहीत आहे. लग्नाआधी तूही या दुकानात बसलीस. कपडा कुणाचाही असो, पाण्यात जाण्याआधी तो टेबलावर पसरायचा, दोन्ही बाजू बघायच्या आणि गिऱ्हाइकाला विचारायचं, कशाचा डाग? गंज की शाई, तेल की रंग. न विचारता भिजवला तर डाग पक्का होतो. तुला कंटाळा यायचा. म्हणायचीस, "ताई, चहाचाच दिसतोय की." मी म्हणायचे, दिसू दे, तरी विचार. या टेबलावर आलेला मोजासुद्धा मी कधी न विचारता भिजवलेला नाही.

दादूचा शर्ट मी पसरला होता. पुढची बाजू पाहिली, पाठ पाहिली. पाठीवर मातीचे ठसे होते, नक्षीदार कडांचे, कॉलरपासून कमरेपर्यंत एकामागून एक. डाग काढणाऱ्या बाईला डाग दिसत नाहीत असं होत नाही. मला बूट दिसले. पण त्याआधी रक्त दिसलं होतं आणि माझं ठरून गेलं होतं. याने कुणाला तरी मारलंय आणि हे आता घरातून नाहीसं झालं पाहिजे. बुटांचं काय ते नंतर बघू, असंही मनात आलं नाही. रक्तापुढे ती नुसती माती होती.

दादू टेबलाशी उभा होता. गिऱ्हाईक उभं राहतं तसा, दोन्ही हात टेबलावर ठेवून. मी विचारीन म्हणून थांबला होता. मी म्हटलं, "जा, आंघोळ कर. आणि कुणाशी एक अक्षर बोलू नकोस."

तो गेला. आणि खरंच बोलला नाही. पोलिसांना म्हणाला, "मीच मारलं. राग आला होता." शाळेत कुणी त्रास देत होतं का, विचारलं तर नाही म्हणाला. वकीलबाईंनी विचारलं, तेव्हाही नाही. त्याला वाटतं, आईने शर्ट बघितला, बूट बघितले, आणि तरी बोलायचं नाही असं ठरवलं. त्याचं चूक नाही.

भोंग्याने सांगितल्यावर मी दादूला विचारलं, "मला का नाही बोललास?"

"तू भिजत घातला होतास ना."

रागाने नाही म्हणाला. उशीच्या खोळीची घडी घालता घालता म्हणाला. यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि बाहेर रस्त्यावर जाऊन थांबले.

आता तुला कळलं. शर्ट माझ्या बादलीत गेला. उरला तुझा मुलगा. यजमानांची नोकरी जाईल ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. गोदामवाले माणूस कसा काढतात ते मी पडदे पोचवायला गेले तेव्हा पाहिलंय. पण एक सांग. भोंग्याने हे सगळं तुला सांगितलंय का? की त्याने तोंड उघडायच्या आत तूही म्हणालीस, कुणाशी बोलू नकोस? माझ्याकडे तो काउंटरखाली बसून बोलला. तुझ्याकडे कुठे बसतो?

भीक मागत नाही. ती तुझ्या दारात मागून झाली. उद्या सकाळी मी कोर्टाच्या फाटकाशी उभी असेन. त्याला घेऊन ये. यजमानांना सांगायचं नसेल तर त्याचा दात दुखतोय म्हण. लहानपणी शाळा बुडवायला आपण दोघींनी तोंडातले सगळे दात एकेक करून दुखवले होते.

शर्टांचे पैसे देऊ नकोस. यजमानांना नमस्कार, भोंग्याला आशीर्वाद.

तुझी,
ताई


गुरुवार, दुपार

धाकटीस,

सकाळी तू आली नाहीस. भोंगा आला. एकटा, गणवेशात, धापा टाकत. तू पत्र वाचलंस, परत घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवलंस, आणि मग त्याने ते काढून वाचलं, असं म्हणाला.

वकीलबाई त्याला आत घेऊन गेल्या. न्यायाधीशबाईंनी त्याला नाव विचारलं, इयत्ता विचारली, सोबत कोण आहे ते विचारलं. तो म्हणाला, "मावशी." त्या म्हणाल्या, "मावशी आरोपीची आई आहे, बाळ. तुझे आईवडील लागतील. त्यांच्या संमतीशिवाय तुझा जबाब घेता येणार नाही." नीट बोलल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही.

वकीलबाईंनी तुला फोन लावला. मी लावला. मग भोंग्याने वकीलबाईंच्या फोनवरून त्याच्या वडिलांना लावला. त्यांनी उचलला. तो म्हणाला, "बाबा, मी कोर्टात आहे. दादूसाठी." पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. "बरं," म्हणून त्याने फोन परत दिला. थोडा वेळ थांबून न्यायाधीशबाईंनी पुढचा कागद घेतला.

मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा का, ते पुढच्या तारखेला ठरेल. तोवर दादू सुधारगृहात. गाडीत चढताना त्याने भोंग्याला विचारलं, "आज गणिताचा पेपर होता ना तुझा?" भोंग्याने हो म्हटलं. माझ्याकडे त्याने पाहिलं आणि आत जाऊन बसला.

भोंगा आमच्याकडे आहे. जेवला. यांनी त्याला वाढलं. आता दादूच्या खाटेवर झोपलाय. घरी जाणार नाही म्हणतो. मी त्याला राहा म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही.

हे पत्र तुझ्या वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या हाती देते आहे, उघडंच. भोंग्याला मी पाठवणार नाही. न्यायला तू ये, आणि पुढच्या तारखेला संमतीची सही करायची असेल तरच ये.

दादूची आई