पोत्याखालची घंटी

अमरचे बाबा,

जयाले घेऊन मार्कंड्याच्या देवळात कीर्तनाले जाते. अमर देवाघरी गेल्यापासून मी कीर्तनात बसलीच नाई, आज लेकीनं हट्ट धरला. जीप दारात उभी आहे. वरण-भात चुलीपाशी झाकून ठेवला, जेवून घ्या.

दिवस बुडताना बदकं तलावावरून घरी बोलवा. तोंडानं हाक मारली तर येत नाईत. अमरनं त्याईले सायकलच्या घंटीची सवय लावली. बोलावलं नाई तर मोहाच्या झाडावर जाऊन बसतात. रानमांजरानं धरलं तरी ही मुकी जात ओरडत नाई.

तुम्ही अमरच्या सायकलवर पोतं टाकलं, ते मी काढलं नाई. पोत्याखाली हात घालून घंटी वाजवता येते. रोज घंटीच्या वेळेसच तुम्ही चौकात काऊन जाता, मले समजते. आज जाऊ नका.

बुवा सांगतात, गेलेल्याले हाक मारू नये, त्याचा जीव अडकतो. पण घंटी तर बदकांसाठी आहे. देव समजून घेईल.

लाल तोंडाचा मोठा नर सगळ्यात शेवटी येतो. तो आत आला की फाटक लगेच लावून घ्या. मी रोज फाटक उघडं ठेवून थोडी थांबते. तुम्ही थांबू नका.

गोकुळा